दुसऱ्या शाखेतून अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात: अर्जाच्या आधीचं एक वर्ष

बातम्यांमधलं अर्थकारण आवडतं म्हणून प्रवेश घेतलेला विद्यार्थी पहिल्या आठवड्यात वर्गात बसतो. फळ्यावर महागाई नसते, व्याजदर नसतात. असतो तो कॉन्व्हेक्स सेट. पुढचे कित्येक तास ग्राहक नावाचा एक प्राणी दोन वस्तूंमधून निवड कशी करतो, एवढंच चालतं. मी विज्ञान शाखेतून या विषयात आलो, त्यामुळे गणिताची भीती नव्हती. पण हे सगळं कशासाठी चाललंय हे कळायला मला अख्खं सत्र लागलं. शेजारच्या बाकावर इतिहासाची एक पदवीधर बसायची, तिचं नेमकं उलटं. कशासाठी ते तिला पहिल्या दिवशीच कळलं होतं, पण चिन्हं डोक्यावरून जात होती.

आम्हा दोघांना जे कमी पडलं ते अर्जाच्या आधी घरी बसून भरून काढता आलं असतं. नोकरी किंवा चालू अभ्यास सांभाळून त्याला साधारण आठ ते बारा महिने लागतात. त्या महिन्यांत काय करायचं आणि कोणत्या क्रमाने, ते पुढे लिहितो.

आधी एक धीराची गोष्ट. बाहेरून येणाऱ्यांचं या विषयाला वावडं नाही, उलट त्यांनीच तो बराचसा घडवला आहे. 1969 मध्ये अर्थशास्त्राचं पहिलंवहिलं नोबेल राग्नार फ्रिश यांच्याबरोबर मिळवणारे यान टिनबर्गन यांची डॉक्टरेट भौतिकशास्त्राच्या वर्तुळातली, नेदरलँड्समधल्या लायडन विद्यापीठाची. व्हर्नन स्मिथ यांची पहिली पदवी इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची, डॅनिएल काहनमन मानसशास्त्रज्ञ, एलिनॉर ऑस्ट्रॉम राज्यशास्त्राच्या. बेरोजगारी आणि वेतनवाढ यांचा वक्र ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते बिल फिलिप्स मुळात विद्युत अभियंते. त्यांनी 1949 मध्ये रंगीत पाणी टाक्यांमधून आणि नळ्यांमधून खेळवून अर्थव्यवस्था दाखवणारं एक यंत्रच उभं केलं होतं. या नावांचा आधार मनाला घ्यावा, अर्जात घेऊ नये. निवड समितीने ती सगळी नावं शंभरदा वाचलेली असतात.

पहिलं काम: कोणती पदवी हवी ते ठरवा

अर्थशास्त्रातली पदव्युत्तर पदवी या एकाच पाटीखाली निदान तीन वेगवेगळी दुकानं चालतात. पहिलं संशोधनाकडे नेणारं. तिथे सूक्ष्म अर्थशास्त्र (एकेका ग्राहकाचे, कंपनीचे निर्णय), स्थूल अर्थशास्त्र (अख्खी अर्थव्यवस्था) आणि अर्थमिती (आकडेवारीवरून आर्थिक संबंध तपासणं) हे तीन विषय गणिताच्या पूर्ण ताकदीने शिकवतात आणि पुढे पीएचडी करणार असंच गृहीत धरतात. दुसरं उपयोजित. त्यात हेच तीन विषय थोड्या हलक्या हाताने आणि डेटावर जास्त काम. बँका, सल्लागार संस्था, नियामक संस्था इथून माणसं घेतात. तिसरं धोरणाचं: सार्वजनिक धोरण, विकास अभ्यास, आरोग्य अर्थशास्त्र, पर्यावरण अर्थशास्त्र. इथे बाहेरच्यांना दार बऱ्यापैकी उघडं असतं आणि आधीच्या शाखेचा थेट उपयोगही होतो. डॉक्टरने आरोग्य अर्थशास्त्राकडे किंवा कृषी पदवीधराने कृषी अर्थशास्त्राकडे जाणं म्हणजे शून्यापासून सुरुवात नव्हे.

माहितीपत्रकातली वर्णनं सगळीकडे सारखीच गोड असतात, म्हणून ती वाचत बसू नका. पहिल्या सत्राचे विषय आणि प्रत्येक विषयाची पूर्वअट पाहा. पहिल्या आठवड्यांत गणिताचा उजळणीवर्ग असेल आणि त्यात रिअल अॅनालिसिसचा, म्हणजे कॅल्क्युलसमागच्या सिद्धतांच्या गणिताचा, उल्लेख असेल, तर ते पहिलं दुकान. जुन्या प्रश्नपत्रिका मिळाल्या तर त्याहून चांगलं. दोन प्रश्नपत्रिकांवरून जितकं कळतं तितकं दहा माहितीपत्रकांवरून कळत नाही.

आपल्याला कशात रस आहे तेच नीट सांगता येत नसेल, तर एक युक्ती आहे. अर्थशास्त्रातल्या शोधनिबंधांना विषयवार संकेतांक असतात, त्यांना जेईएल कोड म्हणतात. सी म्हणजे गणिती आणि संख्यात्मक पद्धती, डी सूक्ष्म अर्थशास्त्र, ई स्थूल, एच सार्वजनिक वित्त, आय आरोग्य आणि शिक्षण, जे श्रम, ओ विकास. महिनाभर जे जे निबंध मनापासून वाचावेसे वाटतात त्यांचे संकेतांक टिपून ठेवा. यादीतल्या बहुतेक नोंदी एकाच अक्षराच्या निघाल्या, की विद्यापीठ निवडणं निम्मं झालं.

दुसरं काम: आपली उणीव ओळखा

अभियंते, भौतिकशास्त्राचे आणि गणिताचे लोक गणितात तरबेज असतात. त्यांची अडचण अशी की ते समीकरण सोडवून थांबतात. अर्थशास्त्रातलं समीकरण माणसांच्या निवडीबद्दल असतं, आणि ही माणसं धोरण बदललं की आपलं वागणंही बदलतात. नळीतलं पाणी अंदाज ऐकून वाट बदलत नाही, गुंतवणूकदार बदलतो.

संगणकवाल्यांना कोड लिहिता येतो आणि डेटा हाताळता येतो. त्यांची गाठ पडते ती अर्थमितीशी, कारण त्यांना भाकितं करण्याची सवय असते आणि इथे कारणं विचारतात. त्यावर पुढे बोलतो. वाणिज्य आणि व्यवस्थापनाच्या पदवीधरांना शब्द सगळे ओळखीचे वाटतात. हीच त्यांची फसगत. 'खर्च' हा शब्द हिशेबनीसासाठी एक आणि अर्थशास्त्रज्ञासाठी दुसरा. हातची संधी सोडल्याची किंमत खातेवहीत कुठेच दिसत नाही.

समाजशास्त्र, राज्यशास्त्र, इतिहास, साहित्य इथून येणाऱ्यांना युक्तिवाद बांधता येतो, संदर्भाचं भान असतं, लिहिता येतं. पहिल्या वर्षी या गोष्टींना भाव नाही, प्रबंधाच्या वेळी मात्र याच लोकांना हायसं वाटतं. तोपर्यंत तग धरायचा तर गणित हवंच, त्याला पर्याय नाही. 'गणित कमी असलेलं अर्थशास्त्र' शोधण्यात वर्ष घालवणारे मी पाहिले आहेत. त्याच वर्षात ते गणित शिकून झालं असतं.

तिसरं काम: गणित, हाताने

किती गणित लागतं? ऐकीव माहितीइतकं नाही, पण पक्कं लागतं. एका चलाचं आणि अनेक चलांचं कॅल्क्युलस, त्यात आंशिक डेरिव्हेटिव्ह, चेन रूल आणि टेलर विस्तार हात न अडखळता आले पाहिजेत. अट घालून कमाल किंवा किमान काढणं, म्हणजे लॅग्रांजची पद्धत, हा तर रोजचा भाजीभाकरीसारखा प्रकार. लिनिअर अल्जेब्रात मॅट्रिक्सचा गुणाकार, व्यस्त मॅट्रिक्स, रँक, आयगेनव्हॅल्यू. संभाव्यतेत अपेक्षित मूल्य, विचरण, सशर्त संभाव्यता, सामान्य वितरण. संख्याशास्त्रात अंदाज आणि गृहीतक-चाचणी. संशोधनाच्या वाटेने जायचं असेल तर रिअल अॅनालिसिसची तोंडओळख आणि सिद्धता लिहिण्याचा सराव. उपयोजित पदवीला हा शेवटचा भाग बहुधा लागत नाही.

साहित्य फुकट आहे. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या ओपनकोर्सवेअरवर 18.01 हा एका चलाच्या कॅल्क्युलसचा अभ्यासक्रम, 18.02 अनेक चलांचा आणि 18.06 लिनिअर अल्जेब्राचा. सूक्ष्म अर्थशास्त्राची सुरुवात 14.01 मध्ये. व्याख्यानं आणि गृहपाठ दोन्ही मिळतात. यातली व्याख्यानं सगळे पाहतात, गृहपाठ फार थोडे सोडवतात, आणि फरक तिथेच पडतो. पाच महिने रोज दीड तास, त्यातला एक तास कागद-पेन्सिल. उत्तर पाहण्याआधी निदान वीस मिनिटं एकाच प्रश्नाशी झगडायचं.

आपली तयारी कुठवर आली हे तपासायला एक छोटं उदाहरण घेऊ. ग्राहकाकडे 120 एकक उत्पन्न आहे. पहिल्या वस्तूची किंमत 2, दुसरीची 3. त्याची उपयोगिता, म्हणजे त्याला मिळणारं समाधान, दोन्ही वस्तूंच्या नगांच्या गुणाकाराइतकी. तो प्रत्येकीचे किती नग घेईल? लॅग्रांज लावलं की उत्तर येतं 30 आणि 20, उपयोगिता 600, आणि उत्पन्नाच्या अटीला जोडलेला लॅग्रांजचा गुणक 10. अभियंता इथे पेन खाली ठेवतो. अर्थशास्त्र इथून पुढे सुरू होतं.

गुणक 10 म्हणजे काय? उत्पन्न एका एककाने वाढलं तर उपयोगिता जवळपास 10 ने वाढेल. बरं, आता उपयोगिता गुणाकाराऐवजी गुणाकाराचं वर्गमूळ माना. पुन्हा सोडवा. नग तेच येतात, 30 आणि 20. गुणक मात्र 10 वरून साधारण 0.2 वर येतो. म्हणजे त्या 10 ला स्वतःचा असा अर्थ नव्हता. उपयोगितेचं मोजमाप ही आपण सोयीने लावलेली पट्टी आहे. ग्राहक कशाला कशापेक्षा वरचढ मानतो तो क्रम तेवढा खरा, आणि दोन्ही गणितांत तो क्रम एकच होता. हे ज्याला स्वतःहून खटकलं आणि ज्याने स्वतःच्या शब्दांत सांगितलं, त्याने सूक्ष्म अर्थशास्त्राची पहिली पायरी चढली. नुसतं 30 आणि 20 काढता येणं ही गणिताची पायरी.

चौथं काम: सूक्ष्म आधी, स्थूल नंतर

बहुतेकांना स्थूल अर्थशास्त्राची घाई असते, कारण वर्तमानपत्रात तेच असतं. तरी आधी सूक्ष्मच करा. ग्राहक, उत्पादक, बाजाराचा समतोल, मक्तेदारी, गेम थिअरी, अपूर्ण माहिती या क्रमाने. आजचं स्थूल अर्थशास्त्र याच विटांवर उभं आहे: कुटुंब आज किती खर्च करायचा आणि उद्यासाठी किती ठेवायचं ते ठरवतं, कंपनी किती गुंतवायचं ते ठरवते, आणि या निर्णयांची बेरीज म्हणजे अर्थव्यवस्था. सूक्ष्म न करता थेट स्थूलाकडे गेलात तर आलेख पाठ होतील, पण ते का सरकतात हे सांगता येणार नाही.

वाचताना एक सवय लावून घ्या. प्रत्येक मॉडेल चार ओळींत लिहायचं: निर्णय घेणारा कोण, त्याला काय हवंय, त्याला कशाची अडचण आहे, आणि सगळ्यांचे निर्णय एकमेकांशी जुळतात कसे. चौथी ओळ म्हणजे समतोल. शेवटी एक पाचवी ओळ आपली: यातलं कोणतं गृहीतक काढलं तर उत्तर उलटं होईल? माझ्या वहीत अशी साठेक पानं जमली होती. परीक्षेच्या आदल्या रात्री मी फक्त तीच वाचली.

पाचवं काम: अर्थमिती आणि एक छोटा प्रकल्प

पोलीस जास्त तिथे गुन्हे जास्त, असं आकडे सांगतात. मग पोलीस कमी केले तर गुन्हे कमी होतील का? जिथे गुन्हे होतात तिथे पोलीस पाठवले जातात, म्हणून हे दोन आकडे एकत्र चालतात. गुन्हे कुठे होतील याचं नुसतं भाकीत करायचं असेल तर हा संबंध कामाचा आहे. धोरण ठरवायचं असेल तर तो घातक आहे. संगणकशास्त्रातून येणाऱ्यांनी हा एवढा परिच्छेद दोनदा वाचावा.

कारण शोधायचं कसं, याचा एक नमुना पाहण्यासारखा आहे. 1 एप्रिल 1992 रोजी अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याने किमान वेतन ताशी 4.25 डॉलरवरून 5.05 डॉलरवर नेलं. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात ते तेवढंच राहिलं. डेव्हिड कार्ड आणि अॅलन क्रूगर यांनी दोन्ही राज्यांतल्या फास्टफूड उपाहारगृहांची वाढीआधी आणि वाढीनंतर पाहणी केली आणि बदलांमधला फरक मोजला. वेतन वाढलं की रोजगार घटणार, हा पुस्तकी अंदाज त्यात दिसला नाही. 1994 मधल्या त्यांच्या निबंधावर पुढे भरपूर वाद झाले, आणि कार्ड यांना 2021 मध्ये नोबेल मिळालं. हा निबंध मिळवून वाचा. आधी तुलनेचा तक्ता पाहा, निबंध बंद करा, आणि या तुलनेत कुठे फट असू शकते ते स्वतः लिहा. मग टीकाकारांचं वाचा. इंग्रजीत लिहिलेला शोधनिबंध वाचायची सवयही अशीच लागते.

त्यानंतर स्वतःचा छोटा प्रकल्प. आर किंवा पायथन यांपैकी एक संगणकभाषा शिका, दोन्ही मोफत. स्टाटा हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर बऱ्याच विभागांत वापरतात, पण त्याचे पैसे पडतात आणि ते नंतरही जमतं. जागतिक बँकेची आकडेवारी 2010 पासून सर्वांना खुली आहे. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या सेंट लुईस शाखेचा फ्रेड हा संग्रहही तसाच. प्रश्न लहान ठेवा. 'शिक्षणाचा विकासावर परिणाम' हा प्रश्न नव्हे, तो ग्रंथाचा विषय झाला. एखाद्या ठरावीक वर्षी बदललेला एखादा नियम, तो लागू झालेली एक जागा आणि न झालेली एक जागा, एवढं पुरे. दहा पानं लिहा, कोड नीटनेटका ठेवा. निष्कर्ष फसला तरी चालेल, तो का फसला हे कळलं असेल तर. अर्जाच्या वेळी हीच दहा पानं तुमच्या बाजूने बोलतात.

सहावं काम: वाट निवडा

थेट अर्ज ही पहिली वाट. गणित किंवा अभियांत्रिकीची पदवी असेल तर अनेक विभाग अर्थशास्त्राच्या पदवीचा आग्रह धरत नाहीत. युरोपात मात्र बारीक अक्षरातला मजकूर नीट वाचा. 1999 च्या बोलोन्या जाहीरनाम्यानंतर तिथे पूर्ण वर्षाच्या अभ्यासाला 60 श्रेयांक (क्रेडिट) हे माप रूढ झालं आहे, आणि काही जर्मन व डच विद्यापीठं आधीच्या पदवीत अर्थशास्त्राचे इतके आणि गणित-संख्याशास्त्राचे इतके श्रेयांक हवेतच असं लिहितात. तिथे मुलाखतीत पटवून देऊ, असं चालत नाही. अर्ज कोणी वाचण्याआधीच बाजूला पडतो.

दुसरी वाट सेतू अभ्यासक्रमाची. ब्रिटिश धाटणीच्या विद्यापीठांत याला ग्रॅज्युएट डिप्लोमा म्हणतात. पदवीच्या शेवटच्या वर्षांचं अर्थशास्त्र साधारण वर्षभरात शिकवायचं आणि त्या गुणांवर पुढे मास्टर्सला जायचं. लंडन विद्यापीठाचा असा डिप्लोमा दूरशिक्षणानेही करता येतो. समाजशास्त्र-साहित्यातून येणाऱ्यांना मी हीच वाट सुचवतो. वर्ष जास्त जातं, पण पहिल्या सत्रात बुडण्यापेक्षा ते बरं.

तिसरी वाट ऑनलाइन श्रेयांकांची. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने डेटा, अर्थशास्त्र आणि धोरणरचना या विषयाचा मायक्रोमास्टर्स हा ऑनलाइन अभ्यासक्रम काढला आणि तो पूर्ण करणाऱ्यांतून निवडलेल्यांसाठी छोटी निवासी मास्टर्स पदवी ठेवली; पहिली तुकडी 2020 ची. बाकी ठिकाणी ऑनलाइन प्रमाणपत्राचं वजन त्यातल्या परीक्षेवर अवलंबून. देखरेखीखाली परीक्षा झाली असेल तर मान, नुसती व्याख्यानं पाहून मिळालं असेल तर नाही.

दुसरी बॅचलर पदवी घ्यावी का? सहसा नाही.

पीएचडीच डोळ्यांसमोर असेल तर आणखी एक गोष्ट माहीत हवी. अमेरिकेत मास्टर्स न करता थेट पीएचडीला प्रवेश मिळतो, आणि चांगल्या विभागांत शुल्कमाफी आणि विद्यावेतन दोन्ही असतं. मास्टर्सचा खर्च मात्र बहुधा आपला आपणच करायचा असतो. मधली पायरी म्हणून एक-दोन वर्षं पूर्णवेळ संशोधन सहायकाची पगारी नोकरी करतात, तिला प्री-डॉक म्हणतात. तिथे कोड उत्तम येणाऱ्या बाहेरच्यांना अगदी आपलंसं करतात.

सातवं काम: अर्ज

गुणपत्रकात गणित दिसलं पाहिजे. नोकरीत असाल तर एखाद्या विद्यापीठात अनेक चलांचं कॅल्क्युलस आणि लिनिअर अल्जेब्रा हे दोन सुटे विषय गुणांसकट करून घ्या. जीआरई या पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या परीक्षेत संख्यात्मक भागाचे गुण 130 ते 170 या पट्टीवर देतात. तिथे 168 मिळाले तरी कॅल्क्युलस येतं हे सिद्ध होत नाही, कारण त्या परीक्षेत कॅल्क्युलस नसतंच. कमी गुण अर्ज पाडतात, जास्त गुण तो निवडून आणत नाहीत.

हेतूपत्रात, म्हणजे एसओपीत, बहुतेक बाहेरचे एकच चूक करतात: आधीच्या शाखेबद्दल माफी मागत बसतात, नाहीतर लहानपणापासून अर्थशास्त्र आवडत होतं असं सांगतात. दोन्ही नकोत. आधीच्या कामात पडलेल्या एका प्रश्नापासून सुरुवात करा, ज्याचं उत्तर त्या शाखेकडे नव्हतं. जलअभियंता लिहू शकतो: धरणातून पाणी किती सोडायचं ते मला काढता यायचं, पण वरच्या आणि खालच्या शेतकऱ्यांनी ते वाटून घ्यायचं ठरलं तरी ते ठरलेलं का मोडायचं, हे समीकरणात नव्हतं. पुढच्या परिच्छेदात हा प्रश्न अर्थशास्त्राच्या भाषेत मांडा, त्यापुढे स्वतःहून काय शिकलात आणि प्रकल्पात काय निघालं ते, शेवटी हाच विभाग का. दोन पानांच्या आत.

शिफारसपत्रांपैकी निदान एक तरी तुमचं गणिती किंवा संशोधनाचं काम जवळून पाहिलेल्या माणसाचं हवं. मोठ्या हुद्द्यावरच्या वरिष्ठाचं मोघम पत्र वाया जातं. सुट्या विषयाच्या शिक्षकांना आपली दहा पानं वाचायला द्या. मग त्यांना लिहायला काहीतरी मिळतं. अर्जाची मुदत सहसा प्रवेशाच्या आठ-दहा महिने आधी संपते, म्हणून ही ओळख मुदतीच्या महिन्यात काढून चालत नाही.

प्रवेश मिळाल्यावर

पहिलं सत्र कठीण जाणार, ते धरूनच चला. गणिताचा उजळणीवर्ग असेल तर येत असलं तरी बसा. तिथे विभागाची चिन्हं कळतात आणि अभ्यासाचा गट जमतो. गटात सगळे एकाच शाखेचे नकोत. आमच्या गटात मी सिद्धता लिहायचो आणि ती इतिहासवाली मला विचारायची, 'हे खरं ठरायला जगात काय घडलेलं असायला हवं?' मला उत्तर देता आलं नाही तर सिद्धता पुन्हा पहिल्या ओळीपासून.

गृहपाठ आधी एकट्याने करा, मग गटात नेऊन तपासा. पहिल्या चाचणीत गुण कमी पडले तर त्याच आठवड्यात उत्तरपत्रिका घेऊन शिक्षकांच्या भेटीच्या वेळेत जा, आणि 'मला समजत नाही' असं न म्हणता कोणत्या ओळीपर्यंत समजलं ते बोट ठेवून दाखवा.